अरण्ययात्री जॉन म्यूर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राला अगदी लागून, डनबार नावाचे एक गाव आहे. या गावी २१ एप्रिल १८३८ रोजी जॉन म्यूरचा जन्म झाला. जॉनच्या वडिलांचा धान्याचा व्यापार होता. ते मोठे धर्मनिष्ठ होते, पण स्वभावाने फार करडे. मुलांनी शाळेतून घरी यावे, पाठांतर करावे आणि घराच्या आवारातच खेळावे, असा त्यांचा दंडक होता. जॉनचे आजोबा मात्र प्रेमळ होते. जॉन अगदी लहान असल्यापासून ते त्याचे बोट धरून त्याला गावाबाहेर फिरावयास नेत. एकदा दोघे गवताच्या ढिगावर विसावले असताना जॉनला आतून काहीतरी बारीक चिरचिर ऐकू आली. तो वाऱ्याचा आवाज असावा असे आजोबांना वाटले. पण जॉनचे समाधान होईना. त्याने गवत उपसून पाहिले, तो आत एक रानउंदरी आणि तिला बिलगलेली तिची इवली इवली पिले! कान देऊन ऐकले आणि डोळे उघडे ठेवून पाहिले, तर साध्या गवताच्या ढिगातही एक संसार सापडतो, हा धडा त्याला शाळेत जाण्यापूर्वीच मिळाला.

पुढे तो शाळेत जाऊ लागला, पण रानाची ओढ काही कमी झाली नाही. शिवारात चंडोल गाऊ लागले की त्याचे पाय घराच्या आवारात ठरत नसत. भिंत ओलांडून तो शेतांकडे धाव घेई, पक्ष्यांची घरटी शोधी आणि संध्याकाळी घरी परतल्यावर वडिलांचा मार मुकाट्याने सोशी. दुसऱ्या दिवशी चंडोल पुन्हा गात आणि जॉन पुन्हा भिंत ओलांडी.

इ. स. १८४९ साली म्यूर कुटुंब अमेरिकेत गेले. जॉन त्या वेळी अकरा वर्षांचा होता. विस्कॉन्सिन प्रांतात एका तळ्याकाठी वडिलांनी जंगलातील जमीन घेतली. नवे पक्षी, नवी फुले आणि उन्हाळ्याच्या रात्री चमचमणारे काजवे पाहून जॉन हरखून गेला. पण थोड्याच दिवसांत कष्टांचे डोंगर पुढे उभे राहिले. झाडे तोडावयाची, बुंधे खणून काढावयाचे, नांगर धरावयाचा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत त्या पोराला उसंत नसे. पुढे दुसऱ्या शेतावर विहीर खणण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. खाली कठीण वालुकाश्म लागला. रोज सकाळी जॉनला बादलीत बसवून खाली सोडीत आणि तो दिवसभर एकटा छिन्नी-हातोड्याने खडक फोडीत बसे. विहीर सुमारे ८० फूट खोल गेली असता एके दिवशी तळाशी साचलेल्या विषारी वायूने त्याची शुद्ध हरपू लागली. वरून बादली वेळेवर ओढली म्हणूनच तो वाचला. एक-दोन दिवसांनी तो पुन्हा त्याच विहिरीत उतरला आणि पाणी लागेपर्यंत त्याने काम पुरे केले.

अशा धबडग्यातही त्याची ज्ञानाची भूक दबली नाही. वडिलांनी त्याला रात्री जागण्यास मनाई केली होती, पण पहाटे हवे तितक्या लवकर उठण्याची मोकळीक दिली होती. जॉन मध्यरात्री एक वाजता उठू लागला! कडाक्याच्या थंडीत तळघरात बसून तो लाकडाची चाके कोरी आणि त्यांची यंत्रे जुळवी. त्याने लाकडी घड्याळे केली. ठरल्या वेळी झोपणाऱ्याला उचलून पायांवर उभा करणारी एक खाटही त्याने बनविली. इ. स. १८६० साली मॅडिसन शहरातील प्रदर्शनात ही यंत्रे पाहावयास लोकांची झुंबड उडाली. तेथेच त्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला. एके दिवशी एका सहाध्यायाने त्याला एका मोठ्या वृक्षाचे फूल दाखविले आणि तो वृक्ष व अंगणातील वाटाण्याचा नाजूक वेल ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे त्या फुलाच्या पाकळ्यांवरून समजावून दिले. जॉन थक्क झाला. त्या दिवसापासून वनस्पती जमविणे आणि त्यांची कुळे ओळखणे हा त्याचा छंदच झाला.

शिक्षण अर्धवट सोडून पोटासाठी तो कारखान्यांतून काम करू लागला. यंत्रांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इंडियानापोलिस शहरात गाड्यांचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात तो लवकरच मानाच्या जागी पोहोचला. पण मार्च १८६७ मध्ये विपरीत घडले. यंत्राचा पट्टा सोडविताना हातातील कानस निसटली आणि तिचे अणकुचीदार टोक त्याच्या उजव्या डोळ्यात शिरले. त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि थोड्याच वेळात धक्क्याने डावा डोळाही अंधारला. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. यापुढे आपणास एकही फूल दिसणार नाही, या विचाराने त्याच्या जिवाची तगमग होई. सुदैवाने हळूहळू दोन्ही डोळ्यांना पुन्हा दिसू लागले. परत मिळालेली ही दृष्टी यंत्रांच्या चाकांवर खर्च करावयाची नाही, असा निश्चय करूनच तो त्या खोलीतून बाहेर पडला.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात एकोणतीस वर्षांचा हा तरुण पायी प्रवासास निघाला. बरोबर एक लहानशी पिशवी, दोन-तीन पुस्तके आणि पाने-फुले दाबून वाळविण्याचा एक दाब, एवढेच सामान. मोठे रस्ते टाळून तो रानातून, ओढ्यांच्या काठांनी आणि डोंगरांच्या खिंडींतून चालत राहिला. केंटकी प्रांतापासून फ्लॉरिडाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारे हजार मैल त्याने पायाखाली घातले. शेवटी हिवतापाने त्याला गाठले आणि कित्येक दिवस तो मरणाच्या दारी पडला. बरा झाल्यावर त्याने दक्षिण अमेरिकेचा बेत सोडून कॅलिफोर्नियाची वाट धरली. मार्च १८६८ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरला आणि शहरात न रेंगाळता सिएरा नेवाडा पर्वताकडे पायीच निघाला.

या पर्वतराजीत योसेमिटी नावाची दरी आहे. तिची लांबी सुमारे सात मैल असून दोन्ही बाजूंस तीन-तीन हजार फुटांचे ताशीव ग्रॅनाइटचे कडे उभे आहेत. त्या कड्यांवरून शुभ्र प्रपात खाली झेपावतात. त्यांतील सर्वांत मोठ्या प्रपाताची एकंदर उंची २४२५ फूट आहे. ही दरी पाहताच म्यूरची भटकंती संपली आणि यात्रा सुरू झाली.

इ. स. १८६९ च्या उन्हाळ्यात दोन हजारांवर मेंढ्यांच्या एका कळपाबरोबर डोंगरमाथ्यावर जाण्याचे काम त्याने पत्करले. मेंढ्या चारण्यासाठी दुसरा मेंढपाळ होता, त्यामुळे म्यूरला हिंडावयास भरपूर सवड मिळे. कमरेला वही बांधून आणि पिशवीत पाव घेऊन तो पहाटे निघे. शिकारीसाठी रानात जाणारे लोक पुष्कळ होते. म्यूर मात्र बंदुकीवाचून जाई. एखाद्या झाडाखाली तो तासन् तास स्तब्ध बसे. प्रथम सारे रान गप्प असे. मग हळूहळू त्याचा विसर पडून रान आपल्या कामाला लागे. खारी देवदाराची बोंडे कुरतडून खाली टाकीत, पक्षी पिलांना चारा भरवीत, हरिणी पाडसांना घेऊन कुरणात उतरत.

पाहण्याची ही रीत त्याला काही एका दिवसात साधली नव्हती. एकदा कार्लो नावाच्या कुत्र्याबरोबर हिंडत असता त्याला एका फुललेल्या कुरणाच्या कडेला अस्वल दिसले. कुत्रा शहाणा होता. तो न भुंकता मागे सरकला. म्यूर झाडाआडून बराच वेळ त्या अस्वलाकडे पाहत राहिला. अस्वल माणसाला पाहताच पळून जाते असे त्याने ऐकले होते. ते धावते कसे हे पाहण्याच्या हौसेने तो एकाएकी ओरडत पुढे धावला. पण अस्वल जागचे हलले नाही! मान खाली घालून ते त्याच्याकडे रोखून पाहत राहिले. आता पळण्याची पाळी आपलीच, हे म्यूरला उमगले. तथापि पळणेही धोक्याचे होते. तोही नजर न काढता निश्चल उभा राहिला. बराच वेळ गेल्यावर अस्वलाने संथपणे पाठ फिरविली आणि मागे वळून वळून पाहत ते कुरणापलीकडे निघून गेले. दुसऱ्याच्या घरी जावे तसे रानात अदबीने जावे, हे त्या दिवशी म्यूरला पुरते समजले. पुढे आयुष्यभर तो अस्वलांच्या प्रदेशात एकटा हिंडला, पण असा आगाऊपणा त्याने पुन्हा केला नाही.

डोंगरातील ओढ्यांवर राहणारा डिपर नावाचा एक राखी रंगाचा लहानसा पक्षी त्याचा विशेष लाडका होता. हा पक्षी फेसाळत्या प्रवाहात बेधडक बुडी मारतो, पाण्याच्या तळाशी दगडांवरून चालतो आणि किडे टिपून पुन्हा वर येतो. हिवाळ्यात बर्फ पडून सारे रान मुके होते, तेव्हाही याचे गाणे थांबत नाही. म्यूरने हिमवर्षावात उभे राहून या पक्ष्याचे निरीक्षण केले आणि त्याच्यावर एक सुंदर निबंध लिहिला. दरीत लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करून तो पोट भरी आणि स्वतः बांधलेल्या झोपडीत राही. त्या झोपडीच्या एका कोपऱ्यातून त्याने ओढ्याचा एक लहानसा पाट वळवून आणला होता, तो केवळ रात्री पाण्याची झुळझुळ ऐकू यावी म्हणून. इ. स. १८७४ च्या डिसेंबरात मोठे वादळ झाले, तेव्हा तो सुमारे शंभर फूट उंचीच्या झाडाच्या शेंड्यावर चढून बसला. वाऱ्यात झाडे कशी डोलतात आणि प्रत्येक जातीचा आवाज कसा निराळा असतो, हे त्याला झाडाच्या जागेवरूनच अनुभवावयाचे होते.

त्याचे पाहणे केवळ आनंदापुरते नव्हते. त्यातून ज्ञानही निपजले. योसेमिटी दरी कशी झाली, याविषयी त्या काळी वाद होता. कॅलिफोर्नियाचे प्रमुख भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिट्नी यांचे मत असे की, भूकंपासारख्या उत्पाताने दरीचा तळ खचला. म्यूरने कड्यांवर आरशासारखे घासलेले खडक पाहिले. त्यांवरील समांतर ओरखडे पाहिले. दूरवरून वाहून आलेल्या प्रचंड शिळा पाहिल्या. हे सारे हिमनद्यांचे काम आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. एका साध्या मेंढपाळाचे हे धाडस व्हिट्नींना मुळीच रुचले नाही. पण म्यूरने उंच शिखरांच्या सावलीत जिवंत हिमनद्या शोधून काढल्या. इ. स. १८७२ साली त्याने एका हिमनदीवर एका ओळीत खुंट्या रोवल्या आणि काही आठवड्यांनी परत जाऊन मोजणी केली. मधल्या खुंट्या दिवसाला सुमारे एक इंच या वेगाने पुढे सरकल्या होत्या! दरी खोदण्यात नदीच्या पाण्याचाही मोठा वाटा आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. परंतु हिमनद्यांविषयीचे म्यूरचे मूळ म्हणणे खरे ठरले.

सिएराच्या उतारांवर सेकोया नावाचे महावृक्ष आहेत. त्यांतील कित्येकांची उंची २५० फुटांहून अधिक असून काहींचे वय तीन हजार वर्षांवर गेले आहे. म्यूर त्यांच्या राईराईतून हिंडला, तेव्हा त्याला करवतींचे आवाज ऐकू येऊ लागले. या वृक्षांचे लाकूड ठिसूळ असल्याने ते कोसळताच त्याच्या ठिकऱ्या उडत आणि त्यांचा उपयोग बहुधा कुंपणाचे खांब व छपराच्या फळ्या करण्यापुरताच होई. मेंढ्यांचे कळप कुरणेच्या कुरणे मुळासकट फस्त करीत होते. ज्या कळपाबरोबर आपण प्रथम येथे आलो, तसेच कळप या रानाचा नाश करीत आहेत, हे पाहून म्यूरचे मन विषण्ण झाले. आजवर तो पाहणारा होता. आता तो लिहिणारा आणि लढणारा झाला.

इ. स. १८८० साली त्याचा विवाह झाला. मार्टिनेझ गावी सासऱ्यांच्या फळबागा होत्या, त्या तो कसोशीने सांभाळू लागला. त्याला दोन मुली झाल्या आणि पैसाही मिळाला, पण डोंगरापासून दूर राहून त्याची प्रकृती ढासळू लागली. तेव्हा पत्नीनेच आग्रह करून त्याला पुन्हा डोंगरांकडे व लेखनाकडे वळविले. इ. स. १८८९ साली रॉबर्ट जॉन्सन नावाच्या संपादकाला घेऊन तो योसेमिटीच्या वरच्या कुरणांत गेला. तेथील उजाड झालेली भूमी पाहून दोघांनी बेत ठरविला. म्यूरने लेख लिहावेत आणि जॉन्सनने ते आपल्या मासिकात छापून राजधानीत खटपट करावी. हा प्रयत्न फळास आला. १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटीच्या भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. इ. स. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली आणि म्यूर तिचा पहिला अध्यक्ष झाला. लोकांनी रान पाहिले तरच ते रानावर प्रेम करतील, अशी त्याची खात्री होती. म्हणून इ. स. १९०१ पासून ही संस्था दरवर्षी स्त्री-पुरुषांना डोंगरात पायी हिंडावयास नेऊ लागली.

इ. स. १९०३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटी पाहावयास आले. त्यांच्यासाठी मेजवानीचा थाट सिद्ध होता. पण रूझवेल्टांनी तो बाजूस सारला आणि म्यूरबरोबर तीन रात्री उघड्यावर काढल्या. पहिल्या रात्री ते सेकोया वृक्षांच्या राईत झोपले. दुसऱ्या रात्री उंच कड्याजवळ मुक्काम असता बर्फ पडले आणि सकाळी दोघांची पांघरुणे पांढरी झाली होती. शेकोटीपाशी बसून म्यूरने अध्यक्षांना रानाची कैफियत सांगितली. तोवर मूळ योसेमिटी दरी कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होती आणि तिची हेळसांड होत होती. इ. स. १९०६ साली ती राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. मधल्या काळात म्यूर जगप्रवासाला गेला. त्या प्रवासात तो भारतातही आला आणि त्याने हिमालय व तेथील देवदार वृक्ष डोळे भरून पाहिले.

या थोर पुरुषाची दृष्टी एका ठिकाणी मात्र उणी पडली. योसेमिटी दरीत अहवानीची नावाचे आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. इ. स. १८५१ साली, म्यूर तेथे येण्यापूर्वी, सैनिकांनी त्यांना तेथून हुसकावून लावले. म्यूरने ज्या रानाला मानवस्पर्शापासून दूर असे मानले, ते वस्तुतः या लोकांचे घर होते. आरंभीच्या लेखनात त्याने त्यांना न्याय दिला नाही. रान राखताना त्या रानातील माणसांचाही विचार केला पाहिजे, हे जगाला पुष्कळ पुढे उमगले.

आयुष्याच्या अखेरीस म्यूरला सर्वांत कठीण लढाई लढावी लागली. योसेमिटीच्या उद्यानातच हेच हेची नावाची दुसरी एक रम्य दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते. तेथे धरण बांधून ही दरी पाण्याखाली घालावी, अशी योजना पुढे आली. शहराची तहान खरी होती. पण पाणी दुसरीकडूनही आणता येईल, असे म्यूरचे म्हणणे होते. वृद्ध म्यूरने वर्षानुवर्षे लेख लिहिले, पत्रे पाठविली, लोकांना जागे केले. परंतु १९ डिसेंबर १९१३ रोजी धरणाचा कायदा मंजूर झाला. म्यूर हरला. या आघातानंतर एक वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाच्या आजाराने त्याचे निधन झाले. इ. स. १९२३ साली धरण पुरे झाले आणि ती दरी पाण्याखाली गेली.

पण त्याची लढाई वाया गेली नाही. उद्यान म्हणून राखलेली भूमीही सुरक्षित नसते, हे या पराभवाने लोकांना शिकविले. इ. स. १९१६ साली सर्व राष्ट्रीय उद्यानांच्या रक्षणासाठी अमेरिकेत स्वतंत्र खाते निर्माण झाले. म्यूरच्या नावाची सुमारे २११ मैलांची एक पायवाट सिएरा पर्वतातून जाते. ती योसेमिटी दरीतून निघते आणि ज्या व्हिट्नींनी त्याचे म्हणणे धुडकावले होते, त्यांचेच नाव असलेल्या शिखरावर संपते. दरवर्षी देशोदेशीचे लोक पाठीवर ओझे घेऊन या वाटेने चालतात. त्यांना कोणी रानाचा पाठ देत नाही. पण जो ओढ्याच्या काठी थोडा वेळ निमूट बसतो, त्याला तो राखी पक्षी पाण्यात बुडी मारताना दिसतो.